सर्व आलबेल

जहाजावर काही विपरीत घडलं की ‘कुणाला लागलं का?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘कुणी पाहिलं का?’ पाहिलं नसेल, तर अभिनंदन. घटना घडलेलीच नाही.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने मात्र यात उगाच घोळ घातलाय. २०१० पासून लागू असलेल्या तिच्या अपघात-तपास संहितेनुसार माणूस दगावणं, समुद्रात पडून नाहीसा होणं, जहाज बुडणं, रुतणं, धडकणं हे सगळे अपघात. इथवर ठीक, बुडालेलं जहाज लपवणार तरी कुठे? पण जहाजाच्या कामकाजात धोका निर्माण झाला, किंवा वेळीच सावरलं नसतं तर झाला असता, तर तीही म्हणे सागरी घटना! म्हणजे काहीच झालं नाही, तरी झालं. मुद्दाम केलेला घातपात तेवढा यातून वगळलाय. आळस, घाई आणि चिकटपणा आपल्याच वाट्याला.

समजा, धक्क्याला लागताना दोर तुटला. ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा उलटा येतो, पाय तोडायलाही कमी करत नाही. तुमच्या खलाशाच्या कानाजवळून गेला आणि मागच्या रेलिंगचा रंग उडवून पडला. खलाशी जागच्या जागी उभा, तोंडातून शब्द नाही. लॉगबुकात लिहा, ‘दोर जुना झाल्याने बदलला.’ अक्षर न् अक्षर खरं. रेलिंगला रंग मारून घ्या.

जखमांचंही गणित आहे. इजा झाल्यापासून ७ दिवसांच्या आत माणूस असा आडवा झाला की ७२ तासांहून जास्त काळ नेहमीसारखा वावरू शकला नाही, तर इजा गंभीर. तेव्हा ७१व्या तासाला त्याला खुर्चीत बसवा, हातात एखादा कागद द्या. वावरतोय की!

या विद्येतले आदर्श हवेत? ऑक्टोबर १९८३ मध्ये ‘प्राइड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही गाड्या वाहणारी फेरीबोट, गाड्या चढवायची पुढची-मागची दारं सताड उघडी ठेवून इंग्लंडमधल्या डोव्हरहून निघाली. दारं लावणारा झोपला होता. बोट बुडाली नाही, विषय मिटला. पुढे कप्तानांनी दार लागल्याचं दाखवणारा दिवा ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, मागितला, तर किनाऱ्यावरच्या साहेबांनी टर उडवली. मार्च १९८७ मध्ये त्याच कंपनीची ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ बेल्जियममधल्या झीब्रुगहून निघाली. पुढचं दार उघडं, लावणारा झोपलेला. १९३ माणसं गेली. मग मात्र नोंद करावीच लागली.

ऑफिसला दरमहा ‘नियर मिस’चे, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचे, फॉर्म लागतातच. त्यात हेल्मेटचा सैल पट्टा आणि जिन्यावर सांडलेला चहा लिहा. फोटो जोडा, आकडा भरतो. अरुंद वाटेत ऐनवेळी बंद पडलेलं इंजिन त्यात लिहू नका, वातावरण बिघडतं.

एखादा भाबडा थर्ड ऑफिसर खरंखुरं लिहून घेऊन आलाच, तर रागावू नका. तपास दोष ठरवण्यासाठी नसतो, हे संहितेतलं वचन त्याला प्रेमाने वाचून दाखवा. आणि मग विचारा, ‘बरं, तेव्हा वॉचवर, म्हणजे पहाऱ्याच्या ड्युटीवर, कोण होतं?’