खुलासा: ‘कॅटेगरी १ आहे, घर सोडू नका’ हा मेसेज चुकीचा आहे
‘हरिकेन (तीव्र चक्रीवादळ) कॅटेगरी १ किंवा २ चं असेल तर किनाऱ्यावरचं घर सोडायची गरज नाही,’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. कॅटेगरीचे हे १ ते ५ आकडे ज्या सॅफिर-सिम्पसन श्रेणीतले आहेत, ती फक्त वाऱ्याचा वेग सांगते. समुद्र किती आत घुसेल, पाऊस किती पडेल, हे तिच्यात येतच नाही. अमेरिकेचं नॅशनल हरिकेन सेंटरही हेच सांगतं. २००८ मध्ये आइक नावाचं हरिकेन अमेरिकेतल्या टेक्सासला धडकलं तेव्हा ते कॅटेगरी २ होतं. तरी तिथल्या बोलिव्हर द्वीपकल्पावर १५ ते २० फूट पाणी चढलं, कित्येक घरांच्या जागी नुसते खांब उरले. आणि अशा वादळांत माणसं जास्त दगावतात ती पाण्यानेच. स्थलांतराचा आदेश आला की निघा, आकडा बघत थांबू नका. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा आजच कळवा.