फ्लोराच्या शेजारची मशाल
मुंबईच्या फ्लोरा फाउंटनवरचा तुमचा लेख छान आहे, पण त्यात या कारंज्याला निव्वळ ‘साहेबाची आठवण’ म्हणून मोकळं होणं पटलं नाही. १८६४ च्या या कारंज्यासाठी कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनीही घसघशीत देणगी दिली होती. मूळ बेत ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसवायचा होता, म्हणून तर माथ्यावर फुलांची रोमन देवी! शेवटी ते आलं कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, तटबंदीच्या पाडलेल्या ‘चर्चगेट’ दरवाजाच्या जागी.

दगड पोर्टलँडचा, थेट इंग्लंडहून आणलेला. आणि आपण काय केलं? वर्षानुवर्षं त्यावर पांढरा ऑइल पेंट फासला. तो खरवडून २०१९ मध्ये कारंजं पुन्हा सुरू झालं, तेव्हा कुठे बारीक कोरीवकाम नीट दिसायला लागलं.

पण खरं खटकलं ते वेगळंच. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांच्या स्मारकातले, हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार यांचे पुतळे कारंज्याशेजारीच उभे आहेत. एवढ्या लांबलचक लेखात हुतात्मा स्मारकाला एक ओळ मिळू नये? फोटोसुद्धा असा कापलाय की मशाल नेमकी बाहेर. पुढच्या भागात तेवढं दुरुस्त करा, ही विनंती.