‘आधी दहा वर्षं लॅबला द्या’ : या सल्ल्याला उत्तर

पीएचडी करणाऱ्या मुलामुलींमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच राहतो. खऱ्या संशोधकाला घड्याळ नसतं. मोठे शास्त्रज्ञ रात्रंदिवस राबले म्हणून मोठे झाले. नाव कमवायचं ते पहिल्या दहा वर्षांतच, तोवर संसार, छंद, मित्र बाजूला ठेवा. आणि ज्यांनी विद्यापीठ सोडलं, ते कमी पडले. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो मनावर घेऊन चांगली माणसं खचतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी मोठ्या शास्त्रज्ञांबद्दल. मारी क्युरी रात्री उशिरापर्यंत राबत, हे खरं. पण आंरी प्वाँकारे हे थोर गणिती दिवसाला साधारण चार तास काम करायचे : सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सात. त्यांची एक गाजलेली कल्पना तर सहलीत, प्रवासी गाडीच्या पायरीवर पाय ठेवताना सुचली, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. डार्विन यांचंही अभ्यासिकेतलं काम रोज मोजक्या तासांचं होतं. बागेतल्या वाटेवरची फेरी मात्र ते सहसा चुकवत नसत. यावरून सगळ्यांनी चारच तास काम करावं असं निघत नाही. जागरणं ही मोठेपणाची अट नव्हती, एवढं मात्र निघतं. शिवाय जे तसेच राबले आणि ज्यांच्या हाती काही लागलं नाही, त्यांची चरित्रं कुणी लिहिलेली नाहीत.

आता रात्रीच्या कामाकडे जरा जवळून बघू. रात्री दोन वाजता प्रयोगाची प्लेट भरणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा; या प्लेटला ९६ छोटे खळगे असतात, त्यांना ‘वेल’ म्हणतात. आठ ओळी, बारा स्तंभ, प्रत्येक वेलमध्ये पाण्यासारखं रंगहीन द्रावण, तेही काही मायक्रोलिटर. चौथ्या ओळीत क्षणभर लक्ष उडतं. सातवा वेल भरला की राहिला? ती प्लेट उजेडाकडे तिरपी धरून बघते, पण एवढ्याशा थेंबावरून खात्री होत नाही. मग अंदाजानं पुढे जाते. चूक झालीच असेल तर ती लगेच दिसत नाही. आलेख काढताना एक बिंदू भलतीकडेच पडतो आणि अख्खी प्लेट पुन्हा करावी लागते. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी तो बिंदू फार लांब पडत नाही, आणि चूक तशीच पेपरात, म्हणजे छापून येणाऱ्या शोधनिबंधात जाते.

लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींना रविवार कळत नाही, हे मान्य. त्या ज्या पोषक द्रवात वाढतात, ते माध्यम ठरल्या वेळी बदलावंच लागतं. त्यासाठी पाळ्या लावता येतात, आणि नीट चालवलेल्या लॅबमध्ये लावल्या जातात. एकाच विद्यार्थ्याचे सगळे रविवार त्यात जात असतील, तर दोष पेशींचा नाही, लॅब चालवणाऱ्यांचा आहे.

पहिल्या दहा वर्षांतच सगळं ठरतं, हा मुद्दा लवकर निकालात निघतो. २०१६ साली ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात आलेल्या अभ्यासात रॉबर्टा सिनात्रा आणि अल्बर्ट-लास्लो बाराबाशी यांच्या गटानं हजारो शास्त्रज्ञांचे पेपर तपासले. सर्वाधिक प्रभावी ठरलेला पेपर त्या माणसाच्या पेपरांच्या क्रमात कुठेही येऊ शकतो, असं त्यांना आढळलं. तरुणपणी पेपर जास्त निघतात, म्हणून शिखरही तिथेच जास्त दिसतं.

संसार आणि संशोधन एकत्र होत नाही म्हणणाऱ्यांनी ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांच्याकडे बघावं. पस्तिशीच्या आतबाहेर संधिवातानं हात दुखत असताना, मुलं लहान असताना त्यांनी पेनिसिलिनच्या रेणूची रचना उलगडली. १९६४ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अर्थात अशा अपवादात्मक बाईचं उदाहरण देऊन बाकीच्यांवर ओझं टाकणंही बरोबर नाही, कारण त्रास खरा आहे. बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांची पाहणी झाली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ३२ टक्क्यांना नैराश्यासारखा मानसिक आजार असण्याचा किंवा जडण्याचा धोका होता. या धोक्याशी सगळ्यात घट्ट जोडलेल्या गोष्टींत घर आणि काम यांची ओढाताण होती, कामाचा ताण होता, गाइडची वागणूकही होती. म्हणजे हा मजकूर ज्या गोष्टी बाजूला ठेवायला सांगतो, त्यांची आबाळ आणि आजारपणाचा धोका हातात हात घालून जाताना दिसतात.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो : सोडून गेले ते कमी पडले. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेनं २०१० साली मांडलेला हिशेब बघा. तिथं विज्ञानात पीएचडी झालेल्यांपैकी सुमारे साडेतीन टक्के लोक विद्यापीठात कायमस्वरूपी संशोधक होतात आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्राध्यापक होतात. जागाच इतक्या कमी असतील, तर बाकीच्यांना नापास ठरवायचं कशाच्या आधारावर? उद्योग, शाळा, सरकारी खाती, रुग्णालयं, पत्रकारिता इथं ते जातात आणि शिकलेलं वापरतात.

चिकाटीचं उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ कॅटलिन करिको यांचं नाव नेहमी पुढे केलं जातं. १९९५ साली विद्यापीठानं त्यांना खालच्या पदावर ढकललं, तरी त्या एमआरएनएवर, म्हणजे पेशींना प्रथिनं बनवायची सूचना पोचवणाऱ्या रेणूवर, काम करत राहिल्या. २०२३ साली नोबेल मिळालं. हे सगळं खरं. पण २०१३ साली त्या विद्यापीठ सोडून बायोएनटेक या कंपनीत गेल्या, हा भाग सांगायचा राहून जातो. विद्यापीठानं वाईट वागवलं ते सोसत राहावं, असा धडा त्यांच्या गोष्टीतून काढणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

विभागांना खरंच मदत करायची असेल, तर आपल्या गेल्या दहा वर्षांतल्या पीएचडीधारकांपैकी कोण कुठे काम करतं, याची यादी प्रवेशाच्या वेळीच समोर ठेवावी. गाइडनं पहिल्याच वर्षी विचारावं की पुढे काय करायचं मनात आहे; उत्तर ‘विद्यापीठाबाहेर’ असं आलं, तरी त्या विद्यार्थ्याला इतरांइतकाच वेळ द्यावा. आज हे उत्तर तोंडावर द्यायला अनेक जण घाबरतात, कारण शिफारसपत्र लिहिणारा हात त्याच गाइडचा असतो.