स्टेशन आलंय, अजून बोललं नाही

सेलूला स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या नानांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. टेप यायचे, नंतर टीव्ही पण यायला लागले, पण नानांचा जीव रेडिओत. मी सात-आठ वर्षांची असेन, पहाटे त्यांच्या मागं लागून दुकानात जायचे, कारण दुरुस्त केलेला सेट ते आकाशवाणी परभणी सुरू व्हायच्या आधीच लावून बघायचे. आधी नुसती खरखर. मग एका क्षणी ती खरखर एकदम बसायची, उकळत्या दुधावर पाण्याचा हबका मारल्यासारखी, आणि सेट गप्प. मला वाटायचं बंद पडला. नाना बोट वर करून म्हणायचे, "थांब, स्टेशन आलंय. अजून बोललं नाही." आणि थोड्या वेळानं आकाशवाणीची ती धून.

ती शांतता म्हणजे कॅरिअर, स्टेशनची नुसती लहर, जिच्यावर अजून आवाज चढलेला नाही, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आता मी संभाजीनगरला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि मॉड्युलेशन, म्हणजे लहरीवर आवाज चढवणं, आलं की दरवर्षी पहिला तास या शांततेवरच जातो.

पोरं विचारतात मॅडम आवाज थेट का नाही पाठवत. तर आवाजाएवढीच, एक किलोहर्ट्झची म्हणजे सेकंदाला हजार कंपनांची रेडिओ लहर घेतली तर तिची लांबी होते ३०० किलोमीटर, आणि अँटेना साधारण तिच्या चौथाई पाहिजे, म्हणजे ७५ किलोमीटर, सेलूपासून धरलं तर पार परभणीच्या पुढं. हजार किलोहर्ट्झची लहर घेतली की हेच काम ७५ मीटरच्या टॉवरवर भागतं. म्हणून एक स्थिर, एकसुरी लहर घ्यायची, जिच्याजवळ स्वतःचं सांगण्यासारखं काहीच नाही, आणि आपल्या आवाजाप्रमाणं तिची उंची कमीजास्त करायची. हे झालं एएम. उंची तशीच ठेवून कंपनं दाट-विरळ केली की एफएम, त्याचं पेटंट एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन इंजिनिअरला १९३३ मधे मिळालं. वीज कडाडली की मीडियम वेव्हवर, जिथं एएम असतं, कडकड होते कारण वीज उंचीतच ढवळाढवळ करते, एफएमचा सेट उंचीकडं बघतच नाही. आणि एएम उलगडायला सेटमधे काय असतं, तर तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा काचेचा जर्मेनियम डायोड. नाना तो चिमट्यात धरून दाखवायचे. लहरीचा अर्धा भाग तो कापून टाकतो, शेजारचा कपॅसिटर बारीक थरथर पिऊन घेतो, आणि मागं राहतो तो माणसाचा आवाज. मला आजही हे बघून भरून येतं, खरंच सांगते.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. सांगणं बदलात असतं हे सगळे म्हणतात. पण तो बदल कशापासून झाला हे माहीत नसेल तर त्याचा अर्थच लागत नाही, हे कोणी ध्यानात घेत नाही. रेडिओला आधी ती एकसुरी लहर सापडावी लागते. माणसाचंही तसंच आहे असं माझं ठाम मत झालंय.

गोंधळ आठवा. लग्नानंतर आपल्याकडं गोंधळ घालतात तेव्हा तुणतुण्याची ती एकच तार रात्रभर एकाच सुरात वाजत असते, लहानपणी मला वाटायचं ह्या माणसाला दुसरं काही येत नाही. पण त्या तारेमुळंच तर कळतं की गोंधळी कुठून कुठं चढला. शास्त्रीय गाण्यात हेच काम तानपुरा करतो. पाश्चात्य संगीतात मॉड्युलेशन म्हणजे चालू गाण्यात षड्जच उचलून दुसरीकडं ठेवायचा, आपल्याकडं षड्ज सहसा हलत नाही, हलतात बाकीचे. दरबारी रागाचा कोमल गंधार ऐका, तो एका जागी उभा राहतच नाही, हळूहळू झुलतो, आणि ते झुलणं काढून नुसती पेटीची पट्टी दाबली तर दरबारी निघून जातो. पेटीत मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं नाही, आंदोलन म्हणजे हे झुलणं नाही, म्हणूनच तर आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दारातच उभं केलं होतं. (भजनी मंडळात पेटीशिवाय जमत नाही हेही खरं, आणि मला ती आवडते.) आणि हेच झुलणं खूप वेगानं केलं तर? १९६७ मधे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग हा संगीतकार व्हायब्रेटोचा, म्हणजे सुराच्या कंपाचा, वेग वाढवत गेला आणि एका टप्प्यानंतर कानाला कंप ऐकू यायचा थांबला, त्याजागी नवाच नाद तयार झाला, घंटेसारखा, पितळी वाद्यासारखा. त्यावरूनच यामाहाचा डीएक्स सेव्हन कीबोर्ड आला, १९८३ ला.

बोलण्याबद्दल तर अमेरिकेतल्या बेल लॅब या टेलिफोनच्या प्रयोगशाळेतल्या होमर डडलीनं १९४० मधे जे मांडलं ते मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पण मान वर करतात. तो म्हणाला, गळ्यातून निघणारा आवाज हा कॅरिअर आहे. खरं सांगणं असतं ओठ, जीभ, जबडा यांच्या हालचालीत, आणि त्या हालचाली इतक्या सावकाश, सेकंदाला थोड्याशाच, की त्या स्वतः कानाला ऐकूच येत नाहीत. म्हणून त्यांना गळ्याचा आवाज लागतो, अगदी रेडिओसारखा. कुजबुजताना गळ्यातल्या स्वरपट्ट्या थरथरत नाहीत, नुसती हवा वाहते, तरी शब्द कळतात, कारण कॅरिअर बदललाय, बाकी तेच. आणि आपल्या भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात तर यातल्या आवाजाच्या फिरकीला नावच आहे, काकू. वाक्य तेच, पण आवाज पुढच्या कशाची तरी वाट बघतोय की तिथंच पुरा झालाय, यावरून साकांक्ष आणि निराकांक्ष असे दोन प्रकार.

आता माझा राग ज्याच्यावर आहे ते. माझा एक विद्यार्थी, गंगाखेडकडचा, प्रोजेक्ट असा केला होता की मी स्वतः त्याच्याकडून दोन गोष्टी शिकले. पुण्याला एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेला आणि परत आला, का तर म्हणे टोन ॲग्रेसिव्ह आहे. अरे तो भांडत नव्हता! त्याच्याकडं या बांधावरून त्या बांधावर हाक मारून बोलायची सवय आहे, त्याचं नेहमीचं बोलणंच त्या उंचीवर असतं, आणि "कामून?" हा त्याचा साधा प्रश्न आहे. तो चिडला की उलट आवाज खाली जातो, शब्द तुटक होतात, हे मी तीन वर्षं बघितलंय. त्यांनी त्याची मूळ लहरच ऐकली नाही आणि स्वतःच्या लहरीपासून किती लांब आहे तेवढं मोजलं. आपल्या पोरांना बोलायची पद्धत बदला म्हणून ट्रेनिंग देणारे लई आहेत, समोरच्यानं दहा मिनिटं आधी नुसतं ऐकावं असं ट्रेनिंग मी अजून कुठं बघितलं नाही.

नानांचं "बरं हाय" मला ओळखता येतं कारण चाळीस वर्षं ऐकलंय. खरंच बरं असलं की "हाय" थोडं वर उचलतात. कंटाळा आला की दोन्ही शब्द एकाच पट्टीत. २०२५ च्या सप्टेंबरात पाऊस थांबेनाच, तेव्हा रोज मेसेज करत होते, सगळं बरं हाय, काळजी करू नको. मेसेजमधे काय कळणार. शेवटी रात्री फोन लावला.

"काय करायलीस, जेवलीस का?"

"जेवले. शेताकडं गेलते का नाना?"

"बरं हाय की सगळं."

"की" खाली पडला. नाना वाक्य असं खाली सोडत नाहीत. मी काही बोलले नाही, फोन कानाला धरून बसले. पलीकडं आईनं भांडं ठेवल्याचा आवाज, पंख्याची घरघर, नानांचा श्वास. लाइन चालू होती.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "ओढ्याकडचं सोयाबीन सगळं गेलं बाई."