‘जिवाभावाचा मित्र असेल तर थेरपी कशाला?’ या मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘थेरपी म्हणजे पैसे मोजून मारलेल्या गप्पा. जिवाभावाचा एक मित्र असेल तर तिची गरजच नाही. खंबीर माणूस आपला आपण सावरतो. एकदा थेरपिस्टकडे गेलात की आयुष्यभर गोळ्या, आणि तुमची गुपितं परक्याच्या हाती.’ पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. पण महिनाभर धीर गोळा करून कुणी अपॉइंटमेंट घेतली असेल आणि हे वाचून रद्द केली, तर नुकसान त्या माणसाचं होतं. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासून बघू.

आधी मित्राचं. मित्र हवेतच. पण पॅनिक अटॅक येणाऱ्या माणसाचं उदाहरण घ्या. अचानक छाती धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही, आता आपण मरणार असं वाटतं. ईसीजी नॉर्मल येतो, तरी भीती जात नाही. मित्र म्हणतो, ‘एकटा जाऊ नकोस, मी येतो बरोबर. गर्दीत कशाला जातोस?’ हे सगळं प्रेमापोटीच. पण या सोबतीनेच त्याच्या मनात पक्कं होतं की आज एकटा असतो तर आपलं काही खरं नव्हतं. मग बस सुटते, बाजार सुटतो, शेवटी घराचा उंबरठा ओलांडणंही अवघड होतं.

कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे सीबीटी, करणारा थेरपिस्ट बरोबर उलट्या वाटेने जातो. हृदयविकार, दमा, फिट्स असं काही नाही ना, याची आधी खात्री करून घेतो. मग तो त्याला मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावतो, फिरत्या खुर्चीत गरगर फिरायला सांगतो किंवा बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतो. धडधड सुरू होते, डोकं हलकं होतं, थेट झटक्यासारखंच. ‘आता काय होईल असं वाटतंय? भीती शंभरपैकी किती?’ असं तो मध्येच विचारतो. थोड्या वेळाने धडधड आपोआप ओसरते आणि ज्याची धास्ती होती ते घडत नाही. पुन्हा तेच, मग घरी, मग गर्दीत एकट्याने. याला गप्पा म्हणायचं असेल तर फिजिओथेरपीला हात धरून चालणं म्हणावं लागेल.

शिवाय, मित्र आपल्या गोष्टीतलंच एक पात्र असतो. ज्या भावावर राग आहे त्याला तोही ओळखतो, तुमचं लग्न मोडलं तर त्यालाही बाजू घ्यावी लागते. थेरपिस्टला तुमच्या निर्णयातून काही मिळवायचं किंवा गमवायचं नसतं.

‘खंबीर माणूस आपला आपण सावरतो.’ काही जण सावरतात, हे खरं आहे. दुःखाच्या प्रत्येक प्रसंगी थेरपी लागते असं कुणीच म्हणत नाही. पण न सावरणारे किती काळ वाट बघतात? २००५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात आजार सुरू झाल्यापासून पहिल्यांदा उपचारांपर्यंत पोचायला नैराश्यासारख्या भावस्थितीच्या आजारांत साधारण ६ ते ८ वर्षं, तर चिंतेच्या आजारांत ९ ते २३ वर्षं गेलेली दिसली. हे अखेर उपचार घेतलेल्यांचं चित्र आहे. शिक्षणाची, नोकरीची, मुलं वाढवण्याची वर्षं यात जातात. झोप उडाली आहे, कामात लक्ष नाही, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या आहेत आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं आहे, तर ‘अजून थोडं थांबू’ म्हणण्यात खंबीरपणा मला दिसत नाही.

गोळ्यांचा मुद्दा सरळ गोंधळातून आला आहे. औषधं लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. बोलण्यातून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ सहसा औषधं देत नाहीत. बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियासारख्या आजारांत औषधं लागतातच, आणि ती मनाने बंद करणं धोक्याचं असतं. बाकी सीबीटी साधारण १२ ते २० भेटींत आटोपते. विशिष्ट गोष्टीच्या भीतीवर, उदाहरणार्थ कोळ्याच्या किंवा इंजेक्शनच्या, सुमारे तीन तासांच्या एकाच सेशनची पद्धतही आहे.

गुपितांचं म्हणाल, तर गोपनीयता या व्यवसायाचा पायाच आहे. तिला अपवाद आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलाचा छळ, कोर्टाचा आदेश. पहिल्याच भेटीत ते स्पष्ट विचारा. थेरपिस्टने ते न कुरकुरता सांगायला हवेत.

मेसेजमध्ये नसलेली पण खरी असलेली अडचण म्हणजे खर्च, आणि योग्य माणूस न मिळणं. विद्यापीठांच्या प्रशिक्षण केंद्रांत अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली शिकाऊ थेरपिस्ट बरेचदा कमी शुल्कात काम करतात. ग्रुप थेरपी स्वस्त पडते. व्हिडिओवरून घेतलेली थेरपी नैराश्यात आणि चिंतेत समोरासमोरच्या थेरपीच्या तोडीची ठरल्याचे अभ्यास आहेत. सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही. काहींना थेरपीने अधिक त्रास होतो. तीन-चार भेटींनंतरही आपलं ऐकलं जात नाही असं वाटलं तर ते तोंडावर सांगा, आणि तरीही फरक पडला नाही तर थेरपिस्ट बदला. पहिला जमला नाही म्हणून थेरपीच सोडून देणारे मला जास्त भेटतात, आणि त्यांच्यासाठी जीव तुटतो.

पहिला फोन करताना आजाराचं नाव माहीत असायला लागत नाही. ‘महिनाभर झोप नाही, कामावर जावंसं वाटत नाही, भेटायचं आहे’ एवढं पुरे. जीव द्यावा असे विचार येत असतील तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आत्ताच जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका आणि हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. सोबत यायला तो जिवाभावाचा मित्र असेल तर त्यालाच बोलवा.