उपयोगाचं काय घेऊन बसलात?

नाशिकच्या कॉलेज रोडला फ्लॅट घेतलात, चार पैसे गाठीला आले, आणि मनगटावर अजून ते हजार-बाराशेचं क्वार्ट्झ घड्याळ? शोभतं का तुम्हाला? आधी एखादं लाखभराचं, मनगटाच्या हालचालीवर चालणारं स्विस ऑटोमॅटिक घ्या बघू.

क्वार्ट्झमधला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि बिचारं घड्याळ महिन्याकाठी फार तर पंधरा-वीस सेकंद चुकतं. इतक्या अचूकपणात कसला आलाय रुबाब? उलट स्विस क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकपणाचं, प्रमाणपत्र मिळवलेलं घड्याळ दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे किंवा 6 सेकंद पुढे गेलं तरी पास! चुकायची ही मुभा फुकट मिळत नाही, त्याचेच तर पैसे पडतात. दोन-तीन दिवस कपाटात राहिलं की ते बंद पडतं. मग मोबाइलमध्ये वेळ बघून लावायचं, त्यात कमीपणा नाही. काही वर्षांनी सर्व्हिसिंगचं बिल येईल. तेवढ्यात जुन्यासारखी किती घड्याळं आली असती, हा हिशोब मात्र करायचा नाही. हिशोब भाजीबाजारात करावा, कोथिंबिरीच्या जुडीपाशी.

आता गाडी. स्कूटर विका, सात सीटची फोर बाय फोर घ्या. घरात माणसं तीन आहेत? असू द्यात. डोंगर चढणारी, चिखल तुडवणारी हवी. फक्त द्राक्षबागेतल्या चिखलात नेऊ नका, सीटकव्हर खराब होतं. तिथे क्रेट उचलायला बागाईतदाराची जुनी पिकअप आहेच. आपण सोमेश्वरपर्यंत जाऊन, गाडीसमोर फोटो काढून परत फिरायचं. भद्रकालीच्या किंवा सराफ बाजाराच्या अरुंद गल्ल्यांत काम निघालं तर गाडी सोसायटीतच ठेवा आणि रिक्षाने जा. रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून हुज्जत घालताना खिशातली किल्ली जरा दिसेल अशी धरा. (त्याला काही फरक पडत नाही, पण आपल्याला बरं वाटतं.)

स्वयंपाकघरात इम्पोर्टेड नॉनस्टिक तवा हवाच. लोखंडी उलथनं लावायचं नाही, तारेची घासणी तर नावच काढू नका. साधारण 260 अंशांच्या वर त्याचा लेप खराब व्हायला लागतो, म्हणून आच बेताचीच ठेवा. बाजरीची भाकरी मग फुगत नाही. पाहुण्यांना सांगा, हल्ली आम्ही अशीच खातो. ते गेले की ओट्याखालून सासूबाईंचा लोखंडी तवा काढा. खिडकी तेवढी लावून घ्या, खरपूस वास थेट शेजारी जातो.