जवळच्या पॅनोरामात फिरण्याचा बिंदू अचूक हवाच

‘हातात कॅमेरा धरून फिरवत फोटो घ्या, बाकीचं सॉफ्टवेअर जुळवून घेतं’ हे पॅनोरामावरच्या, म्हणजे अनेक फोटो जोडून एक रुंद चित्र करण्यावरच्या, लेखातलं वाक्य डोंगरदऱ्यांच्या पॅनोरामाला लागू पडेल, कुंडीतल्या जास्वंदीला नाही. दूरच्या दृश्यात कॅमेरा चार सेंटीमीटर सरकला तरी काही बिघडत नाही. पान वीतभर अंतरावर असेल, तर तेवढ्यानंच पुढची कळी मागच्या फांदीवरून सरकते आणि जोडलेल्या चित्रात देठ तुटलेला किंवा दुहेरी दिसतो. कॅमेरा लेन्सच्या प्रवेशछिद्राभोवती (समोरून पाहताना लेन्सच्या आत दिसणारं छिद्र), म्हणजे ज्याला बहुतेक जण नोडल पॉइंट म्हणतात त्याभोवती, फिरायला हवा.

मी तो बिंदू दोन काड्या एकामागे एक उभ्या करून शोधते. कॅमेरा फिरवताना त्या एकमेकींपासून सरकल्या नाहीत, की जागा सापडली. मात्र हे त्याच फोकस अंतरावर करायचं, कारण बऱ्याच मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या, लेन्समध्ये फोकस बदलला की तो बिंदूही हलतो. आणि वारा! माझे निम्मे प्रयत्न वाऱ्यानंच वाया गेले. आता पहाटेच, झाड निश्चल असताना, फोकस आणि एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवून, प्रत्येक फोटोत साधारण तिसरा हिस्सा सामाईक ठेवत काढते.